सॅलरी कॅप : पैसे आज दिले, लिहायचे कधी?

डेन्व्हरकर

लोकहो, एक भांडण सोडवायला मदत हवी आहे.

इथले आम्ही दहा मराठी मित्र गेली चार वर्षं अमेरिकन फुटबॉलची फॅन्टसी लीग खेळतोय. (सॉकर नव्हे. हेल्मेट घालून एकमेकांवर आदळतात ते.) खेळाडू खरे, मालक आम्ही, पैसे काल्पनिक. आमच्या लीगमध्ये करार असतात. लिलावात खेळाडू घेतलात की किती वर्षांसाठी ते सांगायचं, एक ते पाच. प्रत्येक मालकाला पगारावर वर्षाला २०० मिलियनची मर्यादा, हीच सॅलरी कॅप.

गेल्या वर्षी आमच्यातल्या एकाने, त्याला नाना म्हणू, पंधराच्या पंधरा खेळाडू पाच-पाच वर्षांच्या बोलीने घेतले. चालला तो ठेवला, नाही चालला तो सोडला. सोडायला दमडी लागत नव्हती, कारण तसा नियमच आम्ही लिहिला नव्हता. चांगले खेळाडू पाच वर्षं जुन्या भावात, वाईट फुकटात बाहेर. नाना जिंकला. गणपतीत आरती झाल्यावर यावरून अशी जुंपली की मोदक थंड झाले.

आता नियम लिहायचं काम माझ्या गळ्यात आलंय. म्हटलं खरी एनएफएल (या खेळाची इथली व्यावसायिक लीग) काय करते ते बघू, तर आमच्याच गावच्या संघाने डोकं चक्रावून टाकलं. डेन्व्हर ब्रॉन्कोजनी २०२२ मध्ये रसेल विल्सन या क्वार्टरबॅकला (चेंडू फेकणारा, संघाचा सूत्रधार) आणलं. बदल्यात पहिल्या फेरीचे दोन ड्राफ्ट पिक (म्हणजे कॉलेजातून येणारे नवखे निवडायचे हक्क), दुसऱ्या फेरीचे दोन आणि वर तीन खेळाडू दिले. एकही सामना खेळायच्या आत त्याच्याशी पाच वर्षांचा, सुमारे २४५ मिलियन डॉलरचा वाढीव करार केला. जुन्या कराराची दोन वर्षं शिल्लक होती, म्हणजे नवा करार सुरू होणार २०२४ पासून. आणि मार्च २०२४ मध्ये त्याला काढून टाकलं! नव्या करारातला पहिला मोसम उजाडायच्या आधीच. कॅपवर भुर्दंड ८५ मिलियन, दोन वर्षांत वाटून : ५३ आणि ३२.

बरं, एवढं ओझं डोक्यावर असताना त्याच २०२४ च्या मोसमात संघ १०-७ (दहा विजय, सात पराभव) करून प्लेऑफला, म्हणजे बाद फेरीला गेला. २०१५ च्या मोसमातल्या विजेतेपदानंतर पहिल्यांदा! मग ही कॅप नक्की कोणाला चावते? जाणकारांनी सांगा.

---

टवाळ_कार्टा

शीर्षक वाचून वाटलं उन्हाळ्यातल्या टोप्यांवर धागा आहे. बसतो इथेच, चहा घेऊन.

---

पुणेरी_वाचक

हे मिलियन-बिलियन आमच्या डोक्यात शिरत नाही. कोटीत सांगा. आणि ही मर्यादा मुळात आहे किती?

---

डेन्व्हरकर

१० मिलियन म्हणजे १ कोटी, काका. २०२५ ला प्रत्येक संघाला २७९.२ मिलियन, म्हणजे सुमारे २८ कोटी डॉलर. १९९४ ला कॅप सुरू झाली तेव्हा ३४.६ मिलियन होती. २०२१ ला मात्र, करोनात मैदानं रिकामी राहिल्यावर, १९८.२ वरून १८२.५ वर उतरली होती.

---

खतावणी

मी सीए. हा खेळ बघायला लागलो तो मुलगी तिकडे शिकायला गेल्यावर. टचडाउन समजायला वर्ष गेलं, कॅप मात्र एका संध्याकाळी समजली, कारण त्यात खेळ काहीच नाही. सगळी खतावणी आहे.

एक गोष्ट पक्की धरा. एनएफएलमध्ये खेळाडूच्या हातात पैसे कधी पडले आणि कॅपच्या वहीत ते कधी लिहिले, या दोन वेगळ्या तारखा असतात. रोजकीर्द वेगळी, खतावणी वेगळी. बाकी सगळी हुशारी या दोन तारखांमधल्या अंतरात आहे.

काल्पनिक उदाहरण घेऊ. करार पाच वर्षांचा, १०० मिलियनचा. त्यातले ४० साइनिंग बोनस, सही केल्या केल्या मिळणार. उरलेले ६० म्हणजे मूळ पगार : २, १०, १४, १६, १८.

पहिल्या वर्षी खेळाडूच्या खात्यात ४२ जमा. पण बोनस कराराच्या वर्षांवर समान वाटून लिहायची मुभा आहे, जास्तीत जास्त पाच वर्षं. म्हणजे दरवर्षी ८. कॅपवर लागतात : १०, १८, २२, २४, २६. बेरीज १००च. पहिल्या वर्षी ४२ दिले आणि वहीत १० दिसले.

आता दोन वर्षांनी तो तुम्हाला नकोसा झाला. मूळ पगाराची हमी दिलेली नसेल तर पुढचे १४, १६, १८ वाचले. पण बोनसचे तीन हप्ते अजून लिहायचे राहिलेत. ते २४ एकदम त्या वर्षाच्या कॅपवर येऊन आदळतात. हेच डेड मनी. ठेवला असता तर २२ लागले असते, काढला तर २४. आहे की नाही गंमत? घरजावयासारखं झालं, ठेवलं तर खर्च आणि घालवलं तर त्याहून जास्त खर्च.

लोक डेड मनीला दंड समजतात. तो दंड नाही. ते पैसे आधीच दिलेले किंवा हमी देऊन कबूल केलेले असतात, फक्त वहीत लिहायचे राहिलेले असतात. तुमच्या विल्सनचंच बघा. ८५ पैकी ३९ हे २०२४ चे हमीचे पैसे आणि ४६ ही आधी देऊन झालेल्या बोनसची बाकी.

---

डेन्व्हरकर

खतावणीकाका, साष्टांग. पण ८५ दोन वर्षांत कसे वाटले? तुम्ही तर म्हणता एकदम आदळतात.

---

खतावणी

१ जूनची पळवाट. त्या तारखेनंतर काढलं तर चालू वर्षाचा हप्ता यंदा आणि उरलेले सगळे पुढच्या वर्षी. माझ्या उदाहरणात यंदा ८, पुढच्या वर्षी १६, म्हणजे यंदाच्या कॅपवर १४ मोकळे. मार्चमध्येच काढून 'जूननंतर काढला असं समजा' म्हणायची सोयसुद्धा आहे, एका वर्षात दोन खेळाडूंपुरती. मात्र मोकळी झालेली जागा प्रत्यक्ष जूनमध्येच हातात येते.

---

चीफ्सवाली_स्वाती

कॅन्सस सिटी चीफ्सच्या गोटातून नमस्कार. डेन्व्हरकर, तुमच्या दुःखात सहभागी आहे, असं खोटं बोलणार नाही. 😄

विल्सनला डिसेंबर २०२३ मध्येच शेवटच्या दोन सामन्यांत बसवून ठेवलं होतं, ते आठवतं का? मार्चमध्ये त्याच्या २०२५ च्या ३७ मिलियनची हमी पक्की होणार होती. खेळताना मोठी दुखापत झाली असती तर तो मार्चमध्ये तपासणी पास झाला नसता आणि ते पैसेही गळ्यात पडले असते. म्हणून चालता-बोलता माणूस बाकावर. नंतर तो पिट्सबर्गला गेला. त्यांनी अनुभवी खेळाडूचा किमान पगार दिला, १.२१ मिलियन. ३९ मधले बाकीचे डेन्व्हरने भरले. सासरी नांदते लेक आणि धान्य माहेरून!

आणि १०-७ चं कोडं सोपं आहे. बो निक्स, तुमचा नवा क्वार्टरबॅक. ड्राफ्टमधल्या नवख्याचा चार वर्षांचा करार त्याच्या क्रमांकावरून ठरतो, घासाघीस जवळपास नाहीच. निक्स बाराव्या क्रमांकाचा, चार वर्षांचे मिळून १८.६ मिलियनच्या आसपास. क्वार्टरबॅक एवढा स्वस्त मिळाला की दुसऱ्या क्वार्टरबॅकचं भूतसुद्धा पोसता येतं.

हे पूर्वी नव्हतं. २०१० चा पहिला पिक सॅम ब्रॅडफर्ड : सहा वर्षं, ७८ मिलियन, त्यातले ५० हमीचे. २०११ ला नियम बदलला आणि पहिला पिक कॅम न्यूटन : चार वर्षं, २२ मिलियन. एका वर्षात भाव कोसळला. नवख्यांचे वाचलेले पैसे जुन्या खेळाडूंना मिळतील म्हणून खेळाडूंच्या संघटनेनेही मान्य केलं. प्रत्यक्षात काय झालं? जो संघ चांगला नवखा शोधेल त्याला लॉटरी. ब्रॉक पर्डी २०२२ च्या ड्राफ्टमधला शेवटचा, २६२ वा. २०२३ ला पगार ८ लाख ७० हजार, आणि त्या पगारात सॅन फ्रान्सिस्कोला सुपर बोलपर्यंत, म्हणजे अंतिम सामन्यापर्यंत घेऊन गेला. (तिथे आम्ही हरवलं, ते जाऊ दे.) त्याच्यामागे बाकावर बसणाऱ्या डार्नॉल्डला साडेचार मिलियन होते! मे २०२५ मध्ये पर्डीने पाच वर्षांचा, २६५ मिलियनचा करार केला. आता त्याच्या आजूबाजूचे किती जण टिकतात ते बघायचं.

---

निशाचर

>> आजूबाजूचे किती जण टिकतात

यालाच नाकापेक्षा मोती जड म्हणतात. तुमच्या क्वार्टरबॅकचं, महोम्सचं काय मग? २०२० ला दहा वर्षं, ४५० मिलियन.

---

चीफ्सवाली_स्वाती

दहा वर्षं हीच तर त्यातली मेख. बोनस पाच वर्षांवरच वाटता येतो, पण करार लांब असला की कधीही पगाराचा तुकडा उचलून बोनस करायचा आणि पुढच्या पाच वर्षांवर फासायचा. दर एक-दोन वर्षांनी ते हेच करतात. आणि कॅप दरवर्षी फुगत जाते, तसा २०२० चा भाव स्वस्त वाटायला लागतो. तरीही मार्च २०२२ मध्ये आमच्या टायरिक हिलला मायामीला द्यावंच लागलं. बदल्यात पाच पिक मिळाले. मी आठवडाभर कोणाशी धड बोलले नव्हते. पुढचे दोन्ही सुपर बोल आम्हीच जिंकलो, तेव्हा गप्प बसले.

---

मडगांवकार

मी मेस्सी येईल म्हणून धागा उघडला, पण आता उठवत नाही.

बाबांनो, हे सगळं आमच्या खऱ्या फुटबॉलमध्येही आहे हां. चेल्सीने जानेवारी २०२३ मध्ये मुद्रिकला साडेआठ वर्षांच्या करारावर घेतला. का? बदलीची रक्कम कराराच्या वर्षांवर वाटून लिहिता येते. वर्षं जास्त, हप्ता कमी. मग युएफाने (युरोपातल्या फुटबॉलची संघटना) त्याच उन्हाळ्यात सांगितलं, करार हवा तेवढा करा, वाटणी पाच वर्षांचीच. खतावणीबाब, तुमची पाच वर्षं इथेही आली बघा.

मेस्सी ऑगस्ट २०२१ मध्ये बार्सिलोनातून गेला तोसुद्धा याच भानगडीत. क्लबला ठेवायचा होता, त्याला राहायचं होतं, पण ला लिगाच्या (स्पेनची लीग) खर्चाच्या मर्यादेत त्याचा करार बसेना. तिथे प्रत्येक क्लबची मर्यादा त्याच्या कमाईप्रमाणे वेगळी असते. एनएफएलसारखी सगळ्यांना सारखी नाही.

---

टवाळ_कार्टा

म्हणजे जगभर सगळे हप्त्यावर फ्रीज घेतायत आणि आम्हाला सांगतात अंथरूण पाहून पाय पसरा.

---

गिरणगाव८२

चर्चा छान चालली आहे, पण सगळे मालकाच्या खुर्चीत बसून बोलताय. कॅप म्हणजे मजुरीवरची कमाल मर्यादा. ती खेळाडूंनी का मान्य केली, हे कोणी विचारलं नाही.

माझे वडील गिरणीत होते, त्यामुळे १९८२ म्हटलं की घरात एकच संप आठवतो. पण त्याच वर्षी एनएफएलच्या खेळाडूंनीही संप केला होता, ५७ दिवस. मागणी काय, तर लीगच्या एकूण उत्पन्नातला ५५ टक्के वाटा. मिळाला नाही. १९८७ ला पुन्हा संप, तेव्हा मालकांनी बदली खेळाडू आणून सामने खेळवले. (बदली हा शब्द आमच्याकडे कसा ऐकला जातो ते सांगायला नको.) संप मोडला. मग खेळाडू कोर्टात गेले आणि तिथे जिंकले. त्यातून १९९३ ला तडजोड झाली : करार संपल्यावर खेळाडू हव्या त्या संघात जाऊ शकेल, बदल्यात पुढच्या वर्षापासून पगारावर मर्यादा. ही मर्यादा उत्पन्नाच्या टक्केवारीवर ठरते. म्हणजे ८२ ला टक्का मागितला होता, तो अकरा वर्षांनी टोपी घालून आला. आताच्या २०२० च्या करारात खेळाडूंचा वाटा किमान ४८ टक्के.

पण हमीचं काय? पाच वर्षांचा करार म्हणजे पाच वर्षांची नोकरी नाही. खेळाडू बांधलेला, मालक मोकळा. २०२२ ला क्लीव्हलंडने क्वार्टरबॅक देशॉन वॉटसनला २३० मिलियन दिले, सगळेच्या सगळे हमीचे. बाकीच्या मालकांच्या पोटात गोळा आला. त्यावर संघटना लवादाकडे गेली. लवादाने म्हटलं की लीगने मालकांना हमी कमी द्या असं सुचवलं होतं, पण मालकांनी तसं संगनमत केल्याचा पुरेसा पुरावा नाही. हा निकाल जानेवारी २०२५ चा, लोकांना कळला जूनमध्ये. वॉटसन हा माणूस म्हणून आणि खेळाडू म्हणून काय निघाला, तो वेगळा विषय. हमी मागणं चूक ठरत नाही.

---

निशाचर

दादा, मुद्दा मान्य. खेळाडूच्या बाजूने डाव टाकून जिंकलेला एकच माणूस मला आठवतो, क्वार्टरबॅक कर्क कझिन्स. संघाला आवडत्या खेळाडूवर एका वर्षाचा फ्रँचाइज टॅग लावता येतो. पगार त्या जागेवरच्या सगळ्यात महागड्या खेळाडूंच्या सरासरीने, आणि तो पूर्ण हमीचा. बहुतेकांना टॅग नको असतो, कारण लांबचा करार लांबणीवर पडतो. वॉशिंग्टनने कझिन्सला २०१६ आणि २०१७ असा लागोपाठ दोनदा लावला, १९.९५ आणि २३.९४ मिलियन. याने शांतपणे दोन्ही घेतले आणि २०१८ ला मिनेसोटाला गेला : तीन वर्षं, ८४ मिलियन, सगळे हमीचे. प्लेऑफमध्ये त्याने काय दिवे लावले ते विचारू नका, पण वाटाघाटीत त्याचा पुतळा उभारायला हवा.

---

पुणेरी_वाचक

आयपीएलमध्ये हा घोळच नाही. २०२५ ला १२० कोटींची पर्स होती. पंतला लखनौने २७ कोटींना घेतला, २७ वजा. विषय संपला.

---

खतावणी

काका, तुम्ही नकळत डेन्व्हरकरांच्या दुखण्यावर बोट ठेवलंत. आयपीएलमध्ये खेळाडू सोडला की त्याची पूर्ण रक्कम पर्समध्ये परत येते. म्हणजे नानाची लीग आयपीएलच होती! फरक एवढाच की आयपीएल दर तीनेक वर्षांनी मेगा लिलाव करून पाटी कोरी करते. स्वस्तात मिळालेला हिरा पाच-सात वर्षं जुन्या भावात कोणाला ठेवता येत नाही. तुम्ही करार एनएफएलचे घेतलेत, सोडायचा नियम आयपीएलचा आणि मेगा लिलाव ठेवलाच नाही. नानाने फक्त दार उघडं होतं ते पाहिलं.

---

डेन्व्हरकर

आत्ता ट्यूब पेटली. काका, हे मी आमच्या ग्रुपवर जसंच्या तसं टाकतो. नाना खूश होईल, ती एक अडचण.

पण मग व्हॉइड इयर्स ठेवू की नको? दोघांची मागणी आहे.

---

खतावणी

नको. आधी ते काय आहे ते सांगतो, मग का नको ते.

वरच्याच उदाहरणात तिसऱ्या वर्षी १४ च्या पगारातले १२ उचलून बोनस केले. खेळाडूला फरक नाही, त्याला तर पैसे आधी मिळतात. राहिलेल्या तीन वर्षांवर ४-४. तिसऱ्या वर्षाचा आकडा २२ वरून १४ वर आला, पण चौथा २८ आणि पाचवा ३०. बेरीज तीच, ७२. आता कराराच्या शेवटी दोन खोटी वर्षं जोडली, ज्यात तो खेळणारच नाही. १२ भागिले ५, म्हणजे २.४. तिसऱ्या वर्षाचा आकडा १२.४ वर आला. आणि करार संपताना, माणूस निघून गेल्यावर, ४.८ दाराशी उभे. हे शुद्ध ऋण काढून सण आहे.

न्यू ऑर्लीन्सने यात पीएचडी केली. २०२१ ला कॅप घसरली तेव्हा ते मर्यादेच्या सुमारे १०० मिलियन वर होते, तरी मार्चमध्ये आत बसले. त्यांच्या क्वार्टरबॅकने, ड्र्यू ब्रीसने तर निवृत्त व्हायच्या आधी स्वतःचा पगार २५ वरून १.०७५ मिलियनवर आणून दिला, म्हणजे त्याचं नाव जूनपर्यंत वहीत ठेवता यावं. त्याच मार्चमध्ये टेसम हिलशी चार वर्षांचा, १४० मिलियनचा करार. बातम्या झळकल्या. ती चारही वर्षं व्हॉइड. तो आकडा कोणाला मिळणारच नव्हता, फक्त यंदाचं ओझं पुढे ढकलायला कागद हवा होता.

---

चीफ्सवाली_स्वाती

काका, तुम्हाला फारच राग आहे. फिलाडेल्फिया हेच करतं आणि फेब्रुवारी २०२५ ला त्यांनी आम्हाला ४०-२२ ने झोपवलं. कॅप दरवर्षी वाढते. २०२३ ला २२४.८, २०२४ ला २५५.४, २०२५ ला २७९.२. आजचे १० दोन वर्षांनी लिहिले तर तेव्हाच्या कॅपचा तो लहान हिस्सा असतो. बिनव्याजी कर्ज मिळत असेल तर न घेणारा वेडा. फक्त ते कर्ज तरण्या, खेळणाऱ्या माणसावर काढायचं. न्यू ऑर्लीन्सने म्हाताऱ्यांवर काढलं.

---

खतावणी

मान्य. पण डेन्व्हरकरांच्या लीगमध्ये कॅप कायम २०० आहे. वाढतच नाही. तिथे बिनव्याजी कर्जाचा फायदा काहीच नाही, फक्त जो चौथ्या वर्षी कंटाळून लीग सोडेल त्याची उधारी नव्या माणसाच्या बोकांडी.

---

चीफ्सवाली_स्वाती

हा मुद्दा बिनतोड. मागे घेते.

---

डेन्व्हरकर

सगळ्यांचे आभार. रात्री बसून हे लिहिलं आणि ग्रुपवर टाकलं :

खेळाडू सोडलात तर यंदाचा त्याचा पूर्ण पगार कॅपवर राहील. शिवाय कराराच्या उरलेल्या प्रत्येक वर्षाच्या पगाराचे २५ टक्के, सगळे एकदम, पुढच्या वर्षीच्या कॅपवर. मोसमात एकाच खेळाडूच्या बाबतीत हा भार दोन वर्षांत वाटता येईल (आमची १ जून). व्हॉइड इयर्स नाहीत. दर चार वर्षांनी सगळे करार रद्द, नवा लिलाव (हे आयपीएलचं).

नऊ जणांनी होकाराचा अंगठा दाखवला. नानाने चार मिनिटांत विचारलं, "आणि खेळाडू निवृत्त झाला तर?"

---

निशाचर

😂😂 हा माणूस एनएफएलच्या कुठल्याही ऑफिसात खपेल.

---

खतावणी

प्रश्न चांगला आहे. खऱ्या लीगमध्ये निवृत्त झाला तरी न लिहिलेला बोनस कॅपवर येतोच. संघ बोनसचा उरलेला भाग परत मागू शकतो. डेट्रॉइटने कॅल्विन जॉन्सनकडून २०१६ ला काही भाग परत घेतला. तो कितीतरी वर्षं त्यांच्यावर रागावून होता. उलट इंडियानापोलिसने २०१९ ला अँड्र्यू लकला सगळे ठेवू दिले, आणि तोही मोसम तोंडावर असताना अचानक गेला होता. कायदा एकच, वागायची पद्धत दोन. तुमच्याकडे बोनसच नाही, तेव्हा निवृत्तीला २५ टक्क्यांतून सूट द्यायची की नाही ते मतदानाने ठरवा. मी असतो तर दिली नसती. खेळाडूचं वय लिलावाच्या दिवशी सगळ्यांना माहीत असतं.

---

नाना_तोच

नमस्कार. खास या धाग्यासाठी सदस्य झालो.

खतावणीसाहेब, "दार उघडं होतं ते पाहिलं" या वाक्याची मी प्रिंट काढली आहे.

बाकी सूट द्यायलाच हवी. माझ्याकडे सदतीस वर्षांचा क्वार्टरबॅक आहे आणि त्याच्या कराराची अजून चार वर्षं बाकी आहेत. आधी मतदान घ्या, मग मी अंगठा दाखवतो.